भरावाखालचं कापड

उत्तर पोर्तुगाल
११ ऑक्टोबर २००४

मनोहरदादा,

नमस्कार घे आणि लगेच कामाचं ऐक. ई-मेल करणार होते, पण रोमन अक्षरांतलं तुझं मराठी वाचताना मला दर वेळी चष्मा बदलावासा वाटतो. त्यापेक्षा हे कागदाचंच बरं.

आमचं हे गाव म्हणजे इचलकरंजीच, फक्त टेकड्यांवर द्राक्षं जास्त. घरटी एक माणूस गिरणीत. येत्या जानेवारीत चिनी कापडावरची बंधनं उठतायत आणि त्या भीतीनं इथल्या लोकांची झोप उडालीय. संजीवचं बरं आहे, विद्यापीठात गणित शिकवतो, गणिताला चीनची भीती नाही. मी मात्र कापड केंद्रात आहे.

आमच्या केंद्राची गंमत सांगते. युरोपच्या विकासनिधीतून आम्हाला एक मोठा विणकाम हॉल बांधून मिळाला. आत नवं कोरं यंत्र, दारावर ताऱ्यांची पाटी. पण त्यावर विणायचं काय, हे शोधायला पैसे नाहीत. विकासनिधीवाले म्हणतात, आम्ही इमारती आणि यंत्रं देतो, संशोधन आमचं काम नाही. संशोधननिधीवाले ब्रुसेल्सहून म्हणतात, आम्ही फक्त दर्जा बघतो, तुमचं गाव मागास आहे का पुढारलेलं, आम्हाला कर्तव्य नाही. दोघांचा खजिना एकच, पण एकमेकांशी बोलणं नाही. आपल्याकडच्या दोन जावांसारखं.

माझ्या डोक्यात एक कापड आहे. रस्त्याच्या, धरणाच्या भरावाखाली जाड कापड घालतात ना, त्यातच काचेचा तंतू विणायचा. माती सरकायला लागली की तंतू ताणला जाईल, आतून जाणारा प्रकाश बदलेल, आणि दरड कोसळायच्या आधी कळेल. यंत्र आहे, विणकर आहेत. तंतूतलं कळणारा माणूस हवा, तो तू आहेस. मी संशोधननिधीकडे अर्ज करतेय. अमेरिकन भागीदाराला पैसे मिळत नाहीत, नुसता मान मिळतो. तुझं नाव दे. हा अर्ज गेला नाही तर संचालक मंडळ यंत्र विकून हॉलला कुलूप लावणार आहे. मग ज्या बायकांना मी गिरणीतून ओढून इथे शिकवायला आणलं, त्यांना तोंड कसं दाखवू?

दिवाळी आली. ओवाळणीचं विसरू नकोस.

उत्तरा

*

हर्नडन, व्हर्जिनिया
९ नोव्हेंबर २००४

उत्तरा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. कल्पना चांगली आहे. पण नाव देता येत नाही, आणि कारण आधीच कळवायला हवं होतं.

माझी कंपनी गेल्या वर्षीच बुडाली. या भागात सगळ्यांनी मिळून इतकं फायबर पुरून ठेवलं, की त्यातून बोलायला तेवढी माणसं जगात नव्हती. फायबर जमिनीत राहिलं आणि आम्ही रस्त्यावर आलो. लताची नोकरी आहे म्हणून घर चाललंय. आत्याला आणि तुला कळवलं नाही, कारण तुम्ही दोघी उगाच नवस बोलत बसाल.

सध्या मी आठवड्यातले दोन दिवस इथून चार तास दक्षिणेला गाडी हाणतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात फायबर जोडायला शिकवतो. तेही गिरण्यांचंच गाव. गिरण्या गेल्या. मग सरकारी पैशातून कौंटीनं एक भली मोठी इमारत उभारली, तिला इथे शेल बिल्डिंग म्हणतात. भिंती आणि छप्पर तयार, आत काही नाही, जमीनसुद्धा मातीची. कुणी कारखानदार आला की त्याच्या मनाप्रमाणे फरशी घालायची. चार वर्षं झाली, कुणी आलेला नाही. माझ्या वर्गातल्या वाँडाबाई म्हणतात, "इट्स अ व्हेरी नाइस बॉक्स, हनी." तुझ्या हॉलचं वाचून मला तीच इमारत दिसली.

तर मुद्दा असा, की नाव द्यायला मागे संस्थेची पाटी लागते. बिनपाटीचा माणूस तुझ्या अर्जाला उणेपणाच आणेल. लता म्हणाली, "बहिणीला नाही काय म्हणतोस? इगो का?" इगो नाही. तू एखादी जर्मन संस्था धर.

ओवाळणी सोबत आहे. साडी घे, पुस्तकं नकोत.

मनोहर

*

उत्तर पोर्तुगाल
२२ फेब्रुवारी २००५

दादा,

नोकरीचं लपवलंस याचा राग आहे, पण तो समोर आलास की काढीन. आईला सांगितलेलं नाही. नवस मात्र मी एक बोलून ठेवलाय, तो काय ते विचारू नकोस.

तू म्हणालास तशी जर्मन संस्था धरली. माणसं हुशार आहेत, पण "विचार करून कळवतो" म्हणाले की खरंच विचार करून कळवतात, त्याची सवय नव्हती. अर्ज मार्चमध्ये जातोय. आमच्या रस्त्यावरची टॉवेलची गिरणी मागच्या आठवड्यात बंद झाली. मालकानं फाटकावर चिठ्ठीही लावली नाही. बायका सकाळी डबे घेऊन आल्या आणि तशाच माझ्या हॉलपाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना कॉफी पाजली, दुसरं काय करणार?

केंद्राच्या संचालकांनी निकालापर्यंत थांबायचं कबूल केलंय. मी सध्या सगळ्या देवांशी गोड बोलते आहे.

उत्तरा

*

हर्नडन
१९ जुलै २००५

उत्तरा,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर राहिलं. मधे आठवडाभर कामासाठी बाहेर होतो.

इथे उकाडा आहे. आमच्या इशितानं कॉलेजसाठी रिचमंड पक्कं केलं. लता ऑफिसच्या शटलनं जाते, गाडी माझ्याकडे असते. दक्षिणेतल्या शेल बिल्डिंगच्या मागचा उतार पावसानं घसरलाय, कौंटीवाले फोटो काढून गेले.

तब्येतीला जप. संजीवला नमस्कार.

मनोहर

*

उत्तर पोर्तुगाल
१४ ऑक्टोबर २००५

दादा,

तुझं जुलैचं पत्र म्हणजे हवामान खात्याचं पत्रक होतं. अर्जाचं काय झालं, एवढंही विचारावंसं वाटलं नाही?

नापास झालो. अगदी थोडक्यात. पुढच्या टप्प्याला जे किमान गुण लागतात त्याच्या किंचित खाली. सगळं चांगलं म्हणतात, कल्पना नवी, भागीदार उत्तम, गावाला गरज. फक्त एक शंका: विणताना काचेचा तंतू यंत्रात टिकेल का, याची समितीला खात्री वाटली नाही. बस. त्या खोलीत फायबर हाताळलेला एक जरी माणूस असता, तरी तो म्हणाला असता, "टिकतो हो, वाकवायची त्रिज्या सांभाळली की टिकतो." एकही नव्हता. कसली माणसं बसवतात कोण जाणे.

तू तरी सांग, त्यांची शंका खरी आहे का? तू म्हणालास खरी, तर मी गप्प बसेन. संचालकांनी यंत्राला गिऱ्हाईक शोधायला सांगितलंय.

मला फार वाईट वाटतंय दादा. बायकांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तरा

*

हर्नडन
१ नोव्हेंबर २००५

उत्तरा,

तुझ्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही. असं का, तेही विचारू नकोस. तुला राग येणार हे मला ठाऊक आहे.

मी इथलंच सांगतो. मी शिकवतो त्या गावात एक सभा झाली. कौंटीच्या माणसाला मी विचारलं, "इमारत बांधायच्या आधी इथे काय बनणार हे कुणाला विचारलं होतं का?" तो म्हणाला, "सर, दॅट्स अ डिफरंट डिपार्टमेंट." इमारतीचे पैसे एकीकडे, विद्यापीठाच्या प्रयोगाचे पैसे दुसरीकडे, मधे चार तासांचा रस्ता. त्या रस्त्यावरून एकटा मी जातो, आणि माझ्याकडे कुठलेच पैसे नाहीत.

पेपरात वाचलं की तुमच्याकडचा विकासनिधी २००७ पासून नव्यानं आखतायत. आखून झाल्यावर जाऊन उपयोग नसतो. आखणी चालू असताना दारात बसावं लागतं. तुझ्यात तेवढा चिवटपणा आहे. लहानपणी आंब्याच्या फोडीसाठी तू स्वयंपाकघराच्या दारात कशी बसायचीस, ते मी पाहिलेलं आहे.

यंत्र विकू देऊ नकोस. ओवाळणी पाठवतोय.

मनोहर

*

उत्तर पोर्तुगाल
८ ऑगस्ट २००६

श्री. मनोहर डाके यांना,

तज्ज्ञांची वार्षिक यादी प्रसिद्ध झाली. गेल्या वर्षी अर्ज तपासायला ब्रुसेल्सला कोण कोण आलं होतं, त्याची. सहज चाळत होते. त्यात "डाके, मनोहर, यू.एस.ए." आहे.

म्हणजे जुलैमध्ये "कामासाठी बाहेर" होतास ते हे. माझ्या घरापासून विमानानं दोन-अडीच तासांवर येऊन राहिलास आणि बहिणीला एक फोन केला नाहीस. माझ्या अर्जाला नाव द्यायला तुझ्यामागे पाटी नव्हती, पण तपासायच्या खुर्चीवर बसायला पाटी लागली नाही वाटतं? मी मूर्खासारखी तुलाच लिहीत होते, त्या खोलीत फायबरचा माणूस नव्हता म्हणून! आणि तू तिथे बसून तंतू टिकतो हे चार शब्द बोलला नाहीस. का? लोक म्हणतील बहिणीची बाजू घेतली म्हणून? तुझा स्वच्छपणा तुझ्यापाशी ठेव.

संजीव म्हणतो, दोन्ही बाजू ऐक. मला ऐकायचं नाही. या दिवाळीला ओवाळणी पाठवू नकोस. परत करीन.

उत्तरा

*

हर्नडन
२१ ऑगस्ट २००६

उत्तरा,

यादीतलं नाव माझंच आहे. तपासणीला माणूस एकटा, त्याच्या अनुभवावर बोलावतात, तिथे पाटी लागत नाही. त्या आठवड्याबद्दल काहीही बोलणार नाही असं लिहून दिलेलं आहे, म्हणून बोलत नाही. फोनही त्यामुळेच केला नाही. केला असता तर तू पहिल्या मिनिटात माझ्याकडून सगळं काढून घेतलं असतंस.

इशिता म्हणते, "डॅड, जस्ट टेल हर." पण शब्द दिलाय.

यंत्र अजून आहे ना, तेवढं कळव. न कळवलंस तरी मी समजून घेईन.

मनोहर

*

उत्तर पोर्तुगाल
२० नोव्हेंबर २००७

दादा,

वर्षापेक्षा जास्त झालं. गेल्या वर्षी ओवाळणी आली नाही तेव्हा बरं वाटलं. यंदा आली नाही तेव्हा दिवसभर टपालपेटी उघडून बघत होते. आता तुला सगळं क्रमानं सांगते.

यंत्र आहे. तुझ्यावर चिडले होते तरी तुझा सल्ला मी सोडला नाही, कारण सल्ल्याशी माझं भांडण नव्हतं. विकासनिधीच्या प्रादेशिक कचेरीत दोना फिलोमेना म्हणून बाई आहेत. मी त्यांच्या दारात बसायला लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा नापास अर्जाचे गुण दाखवले आणि म्हटलं, "बाई, पैसे तुमच्याकडे आहेत, आणि तपासणी ब्रुसेल्सनं फुकटात करून दिलीय. थोडक्यात हुकलेल्यांना तुम्ही का घेत नाही?" त्या म्हणाल्या, "आमच्या नियमात तशी सोयच नाही." मी म्हटलं, "नियम तुम्ही आत्ताच लिहिताय ना?" मग दर पंधरवड्याला जायचे. त्यांचा शिपाई माझी कॉफी आधीच मागवून ठेवायला लागला. शेल बिल्डिंगची गोष्ट मी त्यांना इतक्यांदा सांगितली, की परवा एका सभेत त्यांनी ती स्वतःची म्हणून सांगितली.

तर, सोय झाली. नव्या आखणीत आमच्या प्रदेशापुरती एक वाट ठेवलीय: संशोधननिधीत चांगले गुण मिळवून थोडक्यात राहिलेलं काम आमच्या भागातलं असेल, तर पुन्हा एकदा तपासून विकासनिधीतून घ्यायचं. आमचा अर्ज त्या वाटेवरचा पहिला. पास झाला, दादा! हॉलचं कुलूप टळलं. बायकांना सांगितलं तेव्हा त्या रडल्या, मग मी रडले, मग संजीव केक घेऊन आला आणि तोही उगाच रडला.

आता खरी गोष्ट. पुन्हा तपासायला दोना फिलोमेनांनी एक ग्रीक गृहस्थ बोलावले होते. निवृत्त, स्थूल, खाण्याचे शौकीन. जेवताना मला म्हणाले, "हे कापड मला ओळखीचं आहे. ब्रुसेल्सला मी त्या टेबलावर होतो. हे सांगायची परवानगी नाही, पण मी म्हातारा आहे आणि हा मासा उत्तम झालाय." मग सांगितलं. तुमचा अर्ज टेबलावर आला, तेव्हा व्हर्जिनियाहून आलेल्या एका भारतीयानं हात वर केला. म्हणाला, अर्जदार बाई माझ्या नात्यातल्या आहेत. अधिकाऱ्यानं विचारलं, नातं काय? तो म्हणाला, माझ्या आत्याची मुलगी. अधिकारी हसला. म्हणाला, म्हणजे कझिन. वेगळं आडनाव, वेगळा खंड, एकत्र काम नाही. एवढ्यानं अडत नाही, बसा. शिवाय फायबरचे तुम्ही एकटेच आहात. त्यावर तो भारतीय उभा राहिला आणि म्हणाला, "नाही. ती माझी बहीण आहे. मला तिला गुण द्यायचेच असणार, म्हणून मी बसू शकत नाही." आणि बाहेर गेला. ग्रीक म्हणाले, "दार काचेचं होतं. तुमच्या अर्जाची चर्चा संपेपर्यंत तो कॉरिडॉरमध्ये पाठमोरा उभा होता. आम्ही आत फायबरवर अडलो होतो आणि फायबर जाणणारा बाहेर उभा होता."

दादा, मी तिथल्या तिथे उठून गेले. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तुला मी काय काय लिहिलं! "श्री. मनोहर डाके यांना" लिहिलं! आणि तू एक शब्द बोलला नाहीस. माफी मागते असं लिहिणार होते, पण तू म्हणशील, मग पुढचं काम सांग.

तर पुढचं काम. या वेळी मात्र तंतूचा माणूस खोलीत पाहिजे. सल्लागार म्हणून अमेरिकेतला तज्ज्ञ घ्यायची अर्जात सोय होती, चांगली फी आणि जायचं-यायचं भाडं. मी तुझं नाव सुचवलं. दोना फिलोमेनांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुमचं या गृहस्थांशी काही नातं?" नियम माझ्या तोंडपाठ आहेत, मीच त्यांच्याबरोबर बसून वाचलेत. सख्खा भाऊ चालत नाही, मामेभाऊ चालतो.

मी म्हटलं, भाऊ.

त्यांनी फी आणि भाडं दोन्हीवर काट मारली. तेव्हा तुझ्यामुळे माझं अनुदान गेलं आणि माझ्यामुळे तुझी फी गेली. फिट्टंफाट. आता स्वतःच्या खर्चानं ये. राहायला जागा आहे, जेवायला मी घालीन. यंदाची ओवाळणी तीच.

उत्तरा

*

हर्नडन
६ जानेवारी २००८

उत्तरा,

पत्र वाचून लताला दिलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात ते शोभतं. आता तिकीट बुक कर." केलंय.

ग्रीकांनी सांगायला नको होतं. सांगितलं ते बरं झालं. ते दार काचेचं होतं हे मला माहीत होतं, म्हणूनच पाठ केली होती. तुझा अर्ज कसा चाललाय हे लोकांच्या तोंडावर दिसलं असतं, आणि मग मी आत आलो असतो.

येताना फायबर जोडायचं माझं जुनं यंत्र आणतोय. आणि जाताना तुझ्या कापडाचा एक गठ्ठा घेऊन जाईन म्हणतो. शेल बिल्डिंगच्या मागचा उतार अजून घसरतोय. वाँडाबाईंनी कौंटीच्या माणसाला गाठून कबूल करून घेतलंय, की कापड मिळालं तर तिथे पुरून बघायचं. इमारतीत नाही तर नाही, निदान इमारतीच्या मागे तरी काहीतरी होईल.

इशिता सुट्टीत आलीय. तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "वेट. सो यू बोथ कुड हॅव जस्ट सेड कझिन? बिकॉज शी इज युअर कझिन, राइट?"

मी म्हटलं, हो, इंग्रजीत तसं म्हणतात.

विमान शनिवारी सकाळी पोचतं. या वेळी फोन करीन.

मनोहर